वाचक विचारतात : बालवाडीच्या वर्गातले आडोसे

प्रश्न : इंदूरला सुदामानगरात आमची बालवाडी २० बाय २२ फुटांच्या हॉलमध्ये भरते. तीन ते साडेपाच वर्षांची २८ मुलं, आम्ही दोघी ताई. पळापळ आणि गोंगाट थांबावा म्हणून घडीचे कापडी पडदे आणले, पण ते सारखे पडतात आणि त्यांच्यामागचं काही दिसत नाही. सुतार पाच फुटी पार्टिशन करा म्हणतो. करावं का?

उत्तर : पाच फुटी मुळीच करू नका. तुम्हाला पलीकडचं दिसणार नाही आणि मे महिन्यात कूलरचा वाराही अडेल. जमिनीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाची नजर साधारण दीड फुटावर असते. त्याला शेजारचा खेळ दिसू नये यासाठी अडीच फूट उंचीचा आडोसा भरपूर झाला. तेवढ्यावरून मोढ्यावर (ठेंगण्या स्टुलावर) बसलेल्या ताईलाही हॉलचं दुसरं टोक दिसतं.

पडदे पडतात कारण त्यांना बूड नाही. शिवाय घडीच्या बिजागरीत बोटं चेमटतात. त्यापेक्षा उघडी, ठेंगणी कपाटंच आडोसा म्हणून वापरा : ४ फूट लांब, अडीच फूट उंच, १ फूट खोल. अशा चार कपाटांना १८ मिमी प्लायच्या तीन शीट आणि पाठीसाठी ६ मिमीच्या दोन शीट पुरतात. पाठ वाचवायला जाऊ नका. ती नसली की कपाट आडवं डुलतं आणि सांधे सैल होतात. प्लाय बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचा घ्या, कारण रोजच्या पोछ्याने साध्या प्लायची खालची कड फुगते. त्या कडेला पीव्हीसीची पट्टीही मारून घ्या. कोपरे गोल घासलेले हवेत. आणि दोन कपाटांमध्ये साडेतीन ते नऊ इंचांची फट कधीही सोडू नका, तिच्यात लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. कपाटं एकमेकांना चिकटवा, नाहीतर सरळ तीन फुटांची वाट ठेवा.

पण सुताराला बोलावण्याआधी आठवडाभर रिकामी खोकी आणि खुर्च्या मांडून पाहा. खेळांचे कोपरे चारच करा : ठोकळे, भातुकली, पुस्तकं, चित्रकाम. चित्रकाम नळाजवळ, पुस्तकं खिडकीपाशी, ठोकळे पुस्तकांपासून सर्वांत लांब आणि येण्याजाण्याच्या वाटेबाहेर. ठोकळ्यांची बरीच भांडणं कुणीतरी जाता जाता मनोरा पाडल्यानेच होतात. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ मोकळी वाट राहिली की मुलं तिच्यावर धावणारच, म्हणून मध्ये एक कपाट आडवं टाकून वाट वळवा. वाट वळली तरी दारापर्यंत ती पूर्ण मोकळी हवी. कोपऱ्याची उघडी बाजू हॉलच्या मध्याकडे ठेवा. मग चारही कोपऱ्यांत उकिडवं बसून पाहा. तिथून कुठल्याच ताईचा चेहरा दिसत नसेल, तर ती मांडणी चुकली.

जागेची काळजी नको. बालशिक्षणाच्या राष्ट्रीय दर्जा-मानकांत ३० मुलांना किमान ३५ चौरस मीटर सांगितले आहेत, तुमचा हॉल जवळपास ४१ चा आहे. मात्र मधली सतरंजीची जागा मोकळी ठेवा. गाण्यागोष्टींना सगळी मुलं तिथेच बसणार.

प्रश्न : कपाटांना चाकं लावावीत का? मुलं खणांवर पाय देऊन चढतात.

उत्तर : एकटं फूटभर खोलीचं कपाट चढणाऱ्या मुलाच्या अंगावर येऊ शकतं. म्हणून दोन कपाटं पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा, किंवा काटकोनात जोडा. भिंतीलगतचं कपाट लोखंडी अँगलने भिंतीत पक्कं करा. जड ठोकळे सर्वांत खालच्या खणात, आणि वरच्या फळीवर मुलांना हवंसं वाटेल असं काहीच नको. खाऊचा डबा वर ठेवला की चढणं आलंच. चाकं शक्यतो नकोत. हॉल संध्याकाळी दुसऱ्या कामाला लागत असेल तरच लावा, तीही चारही ब्रेकची, आणि मुलं येण्याआधी प्रत्येक ब्रेक पायाने दाबून पाहा.

प्रश्न : जागा भाड्याची आहे, सुतारकाम परवडत नाही.

उत्तर : वेगवेगळ्या रंगांच्या सतरंज्या अंथरा आणि प्रत्येकीच्या एका बाजूला ठेंगणा बाक आडवा ठेवा. एका सतरंजीवर पाच-सहापेक्षा जास्त मुलं बसवू नका. दोऱ्यांवर टांगलेल्या साड्या मात्र नकोत, लोंबत्या दोऱ्या गळ्याशी येतात.