स्कर्टिंगवरची काळी रेघ

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून रोज केर-लादी होऊनही स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या, वर काळी रेघ उमटते, आणि कपाटाखाली धुळीचे पुंजके साठतात. बाहेर मेट्रोचं काम चालू असताना धूळ घरात येणारच. पण ती काळी रेघ म्हणजे वाळलेला चिखल आहे, आणि तो बहुतेक वेळा आपणच करतो.

स्कर्टिंगची फरशी भिंतीच्या बाहेर थोडी डोकावते. त्या बारक्या कडेवर धूळ बसते. लादी पुसताना ओल्या फडक्याचं टोक तिथे लागतं, धूळ भिजते आणि वरच्या रंगात मुरते. मग कितीही घासा, रंग निघतो पण रेघ जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, लादी पुसायच्या आधी, ती कड कोरडीच झाडायची. रंगाऱ्यांचा दोन इंची मऊ ब्रश यासाठी उत्तम. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर एका हातात ब्रश, दुसऱ्यात चपटं नोझल, म्हणजे उडालेली धूळ पुन्हा खाली बसायच्या आत ओढली जाते. माझे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे मी मॉपच्या काठीला जुना पायमोजा चढवून रबरबँड लावते आणि उभ्यानेच काम उरकते. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर झाडताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

पुढच्या वेळी रंगकाम काढाल तेव्हा रंगाऱ्याला सांगून त्या कडेवर पुट्टीचा तिरका उतार करून घ्या. आमच्याकडे केल्यापासून तिथे धूळ फारशी टिकत नाही.

एक चूक मात्र करू नका, मी केली होती. रेघ जात नाही म्हणून मी संगमरवरी स्कर्टिंगवर लिंबू चोळलं. रेघ तशीच राहिली, दगडाची चकाकी तेवढी गेली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की ते त्याला खातंच. व्हिनेगर आणि बाथरूमचं अ‍ॅसिडही त्यातच आलं. जुन्या मोझेक लाद्यांतही बहुधा संगमरवराचेच तुकडे असतात, तिथेही हेच पथ्य. साध्या पाण्यात दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण पुरे.

कपाटाखाली झाडू घातला की पुंजके आणखी आत पळतात. तिथे लांब पट्टीला किंचित ओलसर मोजा गुंडाळून फिरवा, पुंजके चिकटून बाहेर येतात. पंख्याच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून हळूच ओढली की धूळ खोळीतच राहते, गादीवर पाऊस पडत नाही. स्विचबोर्डला फक्त कोरडं फडकं. फ्रिजच्या मागे हात घालण्याआधी प्लग काढा.

सरकत्या खिडकीच्या खाचेत माती साचते, तीही आधी कोरडी ब्रशने उकरा. बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी करा. ती बुजली की पावसाळ्यात खाच भरते आणि पाणी घरात येतं. आमच्याकडे एक जुलैभर आम्ही खिडकीखाली टॉवेल अंथरत होतो आणि दोष खिडकी बसवणाऱ्याला देत होतो!

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या माथ्यावर मात्र हे सगळं उलटं. तिथली धूळ फोडणीच्या तेलाने चिकट झालेली असते, कोरडा ब्रश तिच्यात रुतून बसतो. गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि चमचाभर खायचा सोडा घालून ते पाणी फडक्याने लावा, दहा मिनिटं थांबा आणि मग पुसा. वाळल्यावर वर्तमानपत्र अंथरून टाका. पुढच्या दिवाळीला कागद गुंडाळून फेकला की झालं.

आणि हो, कोरडं झाडूनही एकाच भिंतीवर रेघ परत येत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर ती ओल आहे. पलीकडे बाथरूम आहे का बघा. स्कर्टिंगवरून मातीची बारीक नळी वर चढताना दिसली तर ती वाळवी. ती झाडून टाकून विसरू नका, आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा.