‘अप’ म्हणजे दर वेळी ‘वर’ नव्हे

तुम्ही लिहिलंत की मराठी माध्यमातून शिकून अंधेरीच्या एका ऑफिसात लागलात, आणि मीटिंगमध्ये साहेब ‘टाइम इज अप’ म्हणाले तेव्हा तुम्हाला वाटलं की अजून वेळ शिल्लक आहे. म्हणून ‘अप’चे सगळे अर्थ एका यादीत हवेत, पाठ करायला. यादी मी देणार नाही. परळच्या मराठी शाळेत मी 26 वर्षं इंग्रजी शिकवलं. अशा याद्या घोकलेली मुलं पेपरात पास होत आणि बोलायची वेळ आली की अडत.

तुमचा तर्क चुकीचा नव्हता, तो मराठीचा होता. शंभराच्या वर माणसं, पगार आणि वर बोनस असं आपण म्हणतो. आपलं ‘वर’ जास्तीचं, उरलेलं दाखवतं, तेव्हा वेळ ‘वर’ म्हणजे शिल्लक, असं वाटणं साहजिक आहे. इंग्रजीचा ‘अप’ मात्र इथून वेगळ्या वाटेने जातो.

ती वाट चाळीतल्या नळाखाली दिसते. कळशी लावली की पाणी चढत जातं, काठाला टेकतं, आणि मग नळ बंद करायचा. पाणी चढणं हा ‘अप’चा पहिला अर्थ. काठाला टेकलं म्हणजे भरलं, पूर्ण झालं, हा दुसरा. आणि आता पुढे जागा नाही, म्हणजे संपलं, हा तिसरा. ‘फिल अप’मध्ये हे तिन्ही एकत्र सापडतात. ‘टाइम इज अप’मध्ये फक्त शेवटचा उरलाय. आपण ‘मुदत भरली’, ‘दिवस भरले’ म्हणतो ना, अगदी तेच. ‘वर’ऐवजी ‘भरलं’ हा शब्द मनात ठेवलात की निम्मं काम झालं.

हा पूर्णतेचा अर्थ सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून त्यावरच थोडं थांबतो. ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘ड्रिंक अप’, पिऊन टाक. ‘यूज अप’, वापरून संपव. आता बघा, ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकत नाही. तिथे ‘टाक’चा स्वतःचा अर्थ बाजूला पडतो आणि ‘पुरतं कर’ एवढंच तो सांगतो. ‘वाचून काढलं’मध्येही काही बाहेर काढलेलं नसतं. म्हणजे जे काम मराठी दुसरं क्रियापद जोडून करते, ते इंग्रजी ‘अप’ जोडून करते. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे उजळायचे, कारण ही युक्ती त्यांना आईच्या बोलण्यातून आधीच येत असे.

मग तोडण्याचे आणि बंद करण्याचे अर्थही याच कळशीतून निघतात. ‘टेअर अप’, फाडून तुकडे करणं. ‘लॉक अप’, सगळं नीट कुलूपबंद करणं. घर ‘बर्न डाऊन’ होतं कारण ते जळून जमिनीवर येतं. कागद ‘बर्न अप’ होतात, कारण काही उरतच नाही. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ यांचा अर्थ मात्र एकच, गती कमी करणं. तिथे फरक शोधत बसू नका.

दुसरा ‘अप’ तुम्ही रोज लोकलने येता-जाता अनुभवता. चर्चगेटकडे किंवा सीएसएमटीकडे येणारी गाडी अप, तिकडून निघालेली डाऊन. याचा उंचीशी संबंध नाही. कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी घाट चढते, मागून जादा इंजिनं लावून ढकलावी लागते, तरी ती डाऊन. पुण्याहून सकाळी निघणारी डेक्कन क्वीन बोरघाट उतरते, ती अप. ही ब्रिटिश रेल्वेची पद्धत: मुख्य ठिकाणाकडे जाईल ती अप, आणि तिथे मुख्य ठिकाण म्हणजे बहुधा लंडन. आपण ‘घाटावर गेलो’ म्हणतो तेव्हा खरीच चढण असते. इंग्रजीत ‘अप टू लंडन’ म्हणताना शहराचं महत्त्व तेवढं असतं.

‘ही केम अप टू मी’मध्येही उंची नाही, तो माझ्याजवळ आला एवढंच. हे लक्षात ठेवायला एक गंमतीची मदत आहे. ‘अप’ आणि संस्कृतचा ‘उप’ हे लांबचे भाऊ, एकाच जुन्या मुळातून आलेले. ‘उप’चा एक अर्थ ‘जवळ’. तुमची अंधेरी ज्या उपनगरात आहे त्यातला ‘उप’ तोच. आपला ‘वर’ही याच घरातला: ‘उपरि’वरून प्राकृत ‘उवरि’, जुन्या मराठीत ‘वरी’, मग ‘वर’. ‘उपरि’चा इंग्रजी भाऊ ‘ओव्हर’. शाळेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा इंग्रजीची भीती बरीच कमी झाली.

बाकीचे अर्थ पटकन. वाढणं: ‘स्पीक अप’, मोठ्याने बोला. प्रकट होणं: ‘शो अप’, हजर होणं. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणं, कारण पूर्वी फोन भिंतीवर असे आणि रिसीव्हर आकड्याला अडकवायचा. चेकअप, बॅकअप, टॉप-अप, शूटिंगचं पॅकअप हे शब्द तर तुम्ही मराठी बोलतानाही वापरता. प्रत्येकात ‘अप’ काय करतोय ते शोधा, हाच तुमचा गृहपाठ.

बोलताना एक काळजी घ्या. ‘पिक अप द फाइल’ आणि ‘पिक द फाइल अप’ दोन्ही चालतं. पण फाइलऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीही नाही. ऑफिसात ही चूक मी फार ऐकली आहे.

आणि साहेब ‘इट्स अप टू यू’ म्हणाले तर घाबरू नका. तिथे वेळ संपलेला नाही. निर्णय तुमच्यावर सोडलाय, आणि या एका ठिकाणी तुमचा जुना अर्थ अगदी बरोबर बसतो: तुमच्या‘वर’.