खेकड्याला आखाडात दुखत नाही का?

प्रिय मनू,

तुझा मेसेज इकडे अमेरिकेत, मेन राज्यात, रात्रपाळीत वाचला. आजी आखाडात जिवंत खेकड्याचे पाय कडाकडा मोडते, खेकडा ताटलीत हलत असतो, आणि श्रावण लागला की तीच आजी घरात अंडंसुद्धा येऊ देत नाही. मग खेकड्याला श्रावणात दुखतं आणि आखाडात दुखत नाही का, असं तू विचारलंस. खाली आणखी एक ओळ होती: मराठी लोकांचं हे असंच असतं का, आणि शाळेच्या सहलीत लॉबस्टर जिवंत उकळताना बघितला, त्यापेक्षा हे बरं की वाईट?

आधी श्रावण. तो खेकड्यासाठी पाळत नाहीत, माणसासाठी पाळतात. महिनाभर जिभेला लगाम, सोमवारी महादेव, बस. हल्ली कुणी ना कुणी सांगतं की पावसाळ्यात मासे-खेकडे वितात म्हणून पूर्वजांनी शास्त्रीय विचार करून श्रावण ठेवला. मला ते पटत नाही. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते ती १ जून ते ३१ जुलै. ती उठते आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास आपला श्रावण लागतो. कोळी लोक दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात ती नारळी पौर्णिमा तर श्रावणातलीच. म्हणजे ज्यांचं पोट मासळीवर त्यांचा श्रावण मासे धरायला निघतो, आणि आपल्या भंडारा जिल्ह्याकडचा श्रावण खेकडा सोडून देतो. दोघेही मराठीच.

इतक्या लांब कशाला, एका घरातच बघ. आबाजी माळकरी. त्यांच्या गळ्यात माळ आहे म्हणून आजी खेकडे सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या अंगणातल्या, वेगळ्या चुलीवर शिजवते आणि ती भांडी आत येत नाहीत. काका त्याच चुलीजवळ बसून रस्सा ओरपतो. दोघांचं त्यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. गावात महानुभावांची घरं आहेत, त्यांना मांस वर्ज्यच. त्यांच्याकडे गेलीस तर चक्रधर स्वामींच्या सशाची गोष्ट ऐकून ये. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपला, आणि शरण आलेल्याला त्यांनी बाहेर काढून दिलं नाही. तेराव्या शतकातली गोष्ट. सशाला जीव आहे हे आपल्या मुलखात कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. खेकडा मात्र कुणाच्या गुडघ्याखाली लपायला येत नाही. आला तर चावतो. डोळे काड्यांवर, तोंडातून फेस, आणि आवाज नाही. त्याची गोष्ट करायला कुणी बसलं नाही.

आता दुखण्याचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. समुद्रकिनारी एक खेकडा असतो, तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. एलवूडनी शंखात बारीक तारा बसवून त्याला हलके विजेचे झटके दिले. तो नुसता उडी मारून बाहेर आला असता तर म्हणता आलं असतं की तापल्या तव्यावरून बोट मागे येतं तसं हे, आत काही पोचत नाही. पण हे खेकडे हिशेब करत होते. शंख आवडीचा असेल तर जास्त झटका सोसून आतच राहायचे, नावडता असेल तर लवकर सोडायचे. झटका खाऊनही जे आत राहिले त्यांच्यापुढे नवा शंख ठेवला, तर झटका न बसलेल्यांपेक्षा ते लवकर त्याच्याकडे वळायचे. झालेलं त्यांच्या ध्यानात होतं. पुढे दुसऱ्या जातीच्या खेकड्यांना दोन अंधारे आडोसे दिले, एकात गेलं की झटका, दुसऱ्यात नाही. काही फेऱ्यांनंतर त्यांनी झटक्याचा आडोसा टाळायला सुरुवात केली. यावरून खेकड्याला तुझ्या-माझ्यासारखंच दुखतं असं सिद्ध होत नाही, त्याच्या आत शिरून कुणी पाहिलेलं नाही. पण 'त्याला काय कळतंय' हे आता ठामपणे म्हणता येत नाही, एवढं नक्की.

शिंपल्याचं वेगळं. त्याला मेंदूच नाही, त्याच्यासाठी मी झोप उडवून घेणार नाही. खेकडा, झिंगा, लॉबस्टर यांचं तसं नाही.

सरकारांपर्यंतही हे पोचलंय. स्वित्झर्लंडनं १ मार्च २०१८ पासून लॉबस्टरला बधिर न करता जिवंत उकळायला बंदी केली. ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात खेकडे, लॉबस्टर, झिंगे आणि ऑक्टोपस यांना जाणीव असलेले प्राणी मानलं, म्हणजे धोरण ठरवताना त्यांच्या त्रासाचाही विचार करणं आलं. आणि आपल्याकडचं ऐकून तू चकित होशील. भारताचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे, आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. अन्नासाठी मारायला त्यात सूट आहे, पण विनाकारण वेदना दिल्या तर ती सूट लागू होत नाही. म्हणजे आजीच्या ताटलीतला खेकडासुद्धा कागदावर कायद्याच्या सावलीत बसलेला आहे, स्वित्झर्लंडच्या कितीतरी आधीपासून. त्यासाठी कुणी पोलीस ठाण्यात गेल्याचं मी ऐकलं नाही, तूही आजीला घेऊन जाऊ नकोस.

आजी पाय जिवंतपणी का मोडते? एक तर नांगी. ती आधी निघाली की खेकडा हाताळता येतो. दुसरं, रश्श्याला दाटपणा येतो तो पायांमुळे: पाय पाट्यावर वाटायचे, पाणी घालून गाळायचे, तेच पाणी रश्श्यात. तिसरं कारण सगळ्यात खरं. मेलेला खेकडा फार लवकर नासतो आणि पोट बिघडवतो, म्हणून तो शिजेपर्यंत जिवंत हवा, हे तिच्या आईनं तिला शिकवलं. बरोबरच शिकवलं. पण चुलीपर्यंत जिवंत आणणं आणि पाट्यापर्यंत जिवंत ठेवणं यात पाच-दहा मिनिटांचा फरक आहे, आणि सगळा त्रास त्या पाच-दहा मिनिटांतच आहे. मारून लगेच शिजवला तर काही नासत नाही.

आजी तुला म्हणेल, 'तो सोताच पाय टाकते, त्याले काय होते?' अर्धं खरं आहे. शत्रूनं पाय धरला की खेकडा ठरलेल्या सांध्याशी पाय सोडून पळतो, जखम तिथल्या तिथे मिटते, पुढे कात टाकताना नवा पाय फुटू लागतो. पण त्यानं टाकणं वेगळं आणि आपण पिरगाळणं वेगळं. पिरगाळून तोडलेल्या नांगीची जखम मोठी होते आणि असे खेकडे जास्त मरतात, हे समुद्री खेकड्यांवर तपासून झालेलं आहे.

आता त्याच आजीची दुसरी बाजू, जी तू बहुतेक पाहिली नसशील. खेकडा हातात आला की ती आधी तो उलटा करते. पोटावरची झडप रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिलं अंड्यातून छोटे खेकडे म्हणूनच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या झडपेखाली चिकटून राहतात. तशी मादी मिळाली की आजी तिला परत बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, पाण्यात सोडते. 'लेकुरवाळी हाय, जाऊ दे तिले.' इकडे मेनमध्ये हेच कायद्यानं करावं लागतं. अंडी असलेली मादी पिंजऱ्यात आली की कोळी तिच्या शेपटीच्या पंख्याला खाच पाडतो आणि तिला सोडून देतो. ती खाच दिसते तोवर पुढे कुणीही तिला ठेवून घेऊ शकत नाही, मग अंडी असोत वा नसोत. पाठीचं कवच सव्वातीन इंचांहून लहान असेल तर परत, पाच इंचांहून मोठं असेल तरी परत; प्रत्येक बोटीवर मोजायला पट्टी असते. मला हे फार आवडतं. पण एवढं मोजून-मापून आणलेला लॉबस्टर मग नांग्यांना रबर लावून टाकीत रचतात आणि गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात तो सरळ उकळत्या पाण्यात जातो. जात टिकवायची काळजी सगळ्यांना आहे, त्या एकाची कुणालाच नाही. आजीचंही तसंच म्हण.

मग जास्त वाईट काय? लॉबस्टर उकळत्या पाण्यात पडल्यावर मिनिट-दोन मिनिटं जिवंत राहू शकतो. तुला ऐकू आली ती किंचाळी नव्हती, त्याला घसा नाही, कवचातून निघालेली हवा-वाफ ती. पाय मोडलेला खेकडा त्याहून जास्त वेळ जिवंत असतो. खेकड्याच्या बाजूनं बघितलं तर मला आजीची रीत जास्त वाईट वाटते, ती आपली असली तरी. पण खाणारा कोण, हेही मी बघतो. हॉटेलात बिब बांधून लॉबस्टर मागवणाऱ्यासमोर दुसरं काहीही खायला असतं. भाताच्या रोवणीच्या बाया दिवसभर कमरेत वाकून संध्याकाळी धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, चार खेकडे डब्यात टाकून नेतात, त्यांच्या पोरांना ते फुकटचं सकस जेवण असतं. त्यांना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही, तूही जाऊ नकोस.

आणि तू लिहिलंस, 'मी आता फक्त वरण-भात खाणार.' खा, आबाजींना सोबत होईल. पण भात खाल्ला म्हणजे खेकडा सुटला असं धरू नकोस. काकाला विचार, तो धुऱ्यावर का चिडतो. खेकडा धुऱ्यात बीळ करतो, रात्रीतून बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं, वर रोपं कोरडी. शिवाय कोवळी रोपं तो खुडतो. म्हणून पाऊस लागला की बिळात हात घालून खेकडे काढायचे, ते खायचं असो वा नसो. वर ट्रॅक्टरची चिखलणी, वर औषधाची फवारणी. फवारणीनं मेलेला खेकडा कुणाच्याच ताटात येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी पत्रही लिहीत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: खा किंवा खाऊ नको, ते तू ठरव, पण चुलीजवळ उभं राहून 'छी' म्हणू नको. बोलायचंच तर मारण्याच्या रीतीबद्दल बोल, तिथं काही बदलू शकतं. हे आजीला सांगू नको, काकाला सांग. तो एकदा करून दाखवेल, आजी दोन दिवस हसेल, मग करेल.

बाजाराच्या दिवशी मासळीवाल्या काकूंकडे बर्फ असतो. तो फोडून टोपल्यात घ्यायचा, थोडं पाणी घालायचं, म्हणजे चिखलासारखा गार लगदा होतो. खेकडे त्यात वीस मिनिटं तरी बुडवून ठेवायचे. आपला खेकडा उष्ण मुलखातला, एवढ्या गारठ्यात तो सुन्न पडतो. इकडच्या लॉबस्टरला ही युक्ती तितकी लागू पडत नाही, तो जन्मभर थंड पाण्यातच असतो. त्याला विजेच्या झटक्यानं बधिर करणारी यंत्रं निघाली आहेत. डोळ्याच्या काडीला बोट लावल्यावर ती हलली नाही की समजायचं झालं. मग काकानं टोकदार सुरीनं लगेच दोन ठिकाणी टोचायचं, एक डोळ्यांच्या मागे आणि एक पोटावरची झडप उचलून तिच्याखाली, दोन्ही मधल्या रेषेवर. खेकड्याची मज्जा या दोन गाठींत असते, एकच टोचली तर काम अर्धवट राहतं. सुरी तू धरायची नाहीस. त्यानंतर आजीनं पाय मोडावेत, पाट्यावर वाटावेत, रस्सा तोच होतो.

बर्फात मीठ घालू नकोस. यूट्यूबवर घालताना दिसतील, पण ते समुद्रातल्या खेकड्यांसाठी, आपले गोड्या पाण्यातले. आणि श्रावण लागायच्या आत एक बाजार मिळतोय का ते काकूला विचारून कळव. नाहीतर हे सगळं पोळ्यानंतर.

तुझे,
बाबा