प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: सत्तर जागांच्या विमानात पन्नासच खुर्च्या का?

अमेरिकेतल्या छोट्या जेट विमानांवर या महिन्यात बरीच पत्रं आली. पुण्यात घरटी एक जण तिकडे असतो, तेव्हा नवल नाही. एकमेकांत गुंतलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

मुलगा शिकागोला असतो. त्याच्याकडे गेलो असताना 'युनायटेड एक्सप्रेस'च्या सीआरजे-५५० विमानाने प्रवास झाला. विमान चांगलं लांबलचक, पण आत मोजून ५० खुर्च्या. उरलेल्या जागेत बॅगा ठेवायची कपाटं आणि आपल्या हाताने खाऊ घ्यायचं फडताळ. इंधन एवढं महाग असताना या जागा कोण वाया घालवतं? (कोथरूड)

याचं उत्तर इंधनाच्या हिशेबात नाही, वैमानिकांच्या करारात आहे.

'युनायटेड एक्सप्रेस' हे नुसतं नाव आहे. विमानाला रंग युनायटेडचा, तिकीट युनायटेडचं, पण विमान चालवणारी कंपनी निराळी: स्कायवेस्ट, रिपब्लिक, गोजेट वगैरे. वैमानिक त्या कंपनीच्या पगारावर. 'डेल्टा कनेक्शन' आणि 'अमेरिकन ईगल' यांचंही तसंच. यातल्या काही कंपन्या मोठ्या कंपनीच्याच मालकीच्या आहेत, तरी वैमानिकांची यादी वेगळी आणि पगारही वेगळा. स्वारगेटला उभी असलेली पीएमपीची भाड्याची बस आठवा. नाव पीएमपीचं, कंडक्टर पीएमपीचा, चालक ठेकेदाराचा. आता समजा, पीएमपीच्या कायम चालकांनी करारात लिहून घेतलं की ठेकेदाराने छोट्याच बस चालवायच्या, त्याही ठरावीक संख्येपर्यंत. बस मोठी असेल तर स्टिअरिंगवर आमचाच माणूस. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी नेमकं हेच करून घेतलं आहे. त्या कलमाला 'स्कोप क्लॉज' म्हणतात.

युनायटेडच्या करारात छोट्या विमानांचे खाने पाडलेले आहेत. ७० आणि ७६ जागांची विमानं मिळून २५५, त्यात ७६ जागांची १५३च. त्याखाली ५० जागांचा खाना. वरचा खाना भरला की कंपनीला आणखी एकही ७० जागांचं विमान ठेकेदाराकडे देता येत नाही. खालच्या खान्यात जागा होती, पण तिथली जुनी सीआरजे-२०० विमानं प्रवाशांना नकोशी झाली होती: छत १.८५ मीटरवर, चाकांची बॅग डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही, पहिला वर्ग नाही.

मग २०१९ मध्ये सीआरजे-७०० हे ७० जागांचं विमान घेऊन त्यात ५० खुर्च्या बसवल्या गेल्या: १० पहिल्या वर्गाच्या, २० ऐसपैस, २० साध्या. खुर्च्या काढून भागत नव्हतं, कारण खालच्या खान्याला वजनाचीही अट आहे, ६५,००० पौंड. म्हणून विमानाचं कमाल उड्डाण वजनही प्रमाणपत्रावर तेवढंच, म्हणजे सुमारे २९.५ टन करून घेतलं. तेच इंजिन, तेच पंख, कागद वेगळा. तुम्ही बॅग ठेवलीत ते कपाट म्हणजे त्या कागदाची शिल्लक. जाता जाता: ५० जागांपर्यंत अमेरिकेच्या नियमाने एकच केबिन कर्मचारी पुरतो, ५१व्या जागेला दुसरा लागतो. फडताळातून आपल्या हाताने खाऊ घ्यायची सोय त्यामुळेही सोयीची.

वैमानिकांच्या संघटनेने लिहून घेतलं आणि कंपनीने ऐकलं, असं कसं होतं? मोडलं तर काय? (सदाशिव पेठ)

ऐकलं, कारण बदल्यात काही मिळालं. अमेरिकेत वैमानिकांचे करार १९२६च्या रेल्वे कामगार कायद्याखाली होतात. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्यात कराराची मुदत संपली म्हणून करार मरत नाही. नवा होईपर्यंत जुनी कलमं चालूच राहतात. त्यामुळे एकदा आत शिरलेलं कलम बाहेर काढायचं तर टेबलावर बसून त्याची किंमत द्यावी लागते: पगार, निवृत्तीची तरतूद, सुट्ट्या, काहीतरी. कलम मोडलं तर संघटना तक्रार दाखल करते आणि प्रकरण लवादापुढे जातं. आकडे स्पष्ट असल्याने खुर्च्यांवरून वाद क्वचितच होतो. वाद होतात ते प्रमाणावरून, म्हणजे मुख्य कंपनीने जितके तास उड्डाण केलं त्याच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त ठेकेदाराने करू नये, अशा अटींवरून.

वैमानिक एवढे अडून का बसतात? ज्येष्ठतेपायी. अमेरिकेत वैमानिकाचं सगळं आयुष्य कंपनीतल्या ज्येष्ठता क्रमांकावर चालतं: कोणतं विमान, कोणतं शहर, दिवाळीला (त्यांच्याकडे नाताळला) घरी की कामावर, कप्तान कधी. कंपनी बदलली की वीस वर्षांचा कप्तानही यादीत तळाला जातो. काम दुसऱ्या कंपनीच्या यादीकडे सरकलं तर आपला क्रमांक नुसता शोभेचा उरतो, ही भीती खरी आहे. नव्वदच्या दशकात ५० जागांची जेट आली आणि मोठ्या कंपन्यांची कितीतरी छोटी उड्डाणं तिकडे गेली. ११ सप्टेंबर २००१ नंतर युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. तिथे न्यायाधीशाच्या परवानगीने करार रद्द करता येतो. ती टांगती तलवार असताना वैमानिकांनी पगार तर सोडलेच, मर्यादाही ५०वरून ७०, ७०वरून ७६वर नेऊ दिली. त्यानंतर मात्र ७६ हा आकडा हललेला नाही. ज्यांनी ती पगारकपात सोसली ते आज यादीच्या वरच्या टोकाला आहेत. त्यांना पुन्हा सैल करायला सांगणं सोपं नाही.

हलतं ते देवाणघेवाणीने. डेल्टाने २०१२च्या करारात ७६ जागांच्या विमानांची मर्यादा २२३ करून घेतली, पण ५० जागांची विमानं १२५वर आणायचं आणि मुख्य कंपनीत ८८ बोइंग ७१७ आणायचं, असा तो व्यवहार होता. आमच्या मते या विषयातला सर्वांत शहाणा सौदा हाच. ठेकेदाराला थोडं मोठं विमान मिळालं आणि त्या बदल्यात कायम वैमानिकांचं कामही वाढलं.

मी एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एम्ब्रेअरचं ई-१७५ अमेरिकेत धडाधड विकलं जातं, आणि त्याचीच सुधारित, कमी इंधन पिणारी ई-१७५-ई२ आवृत्ती कुणी घेत नाही. तांत्रिक दोष आहे का? (विमाननगर)

विमानात दोष नाही. ते जड आहे, आणि करारातल्या आकड्यापुढे जड आहे.

७६ जागांच्या खान्याला दुसरी अट कमाल उड्डाण वजनाची आहे: ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९,००९ किलो. ई-१७५च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीचं कमाल उड्डाण वजन ३८,७९० किलो. जेमतेम दोनशे किलो राखून बसतं. ई२चं वजन ४४,८०० किलो. वाढ कुठून आली ते बघा. इंधन वाचवायचं तर इंजिनाचा पुढचा पंखा मोठा हवा. जुन्या इंजिनाचा सुमारे १.१७ मीटर व्यासाचा, नव्या गिअरवाल्या इंजिनाचा १.४२ मीटर. पंखा मोठा म्हणजे इंजिन जड. ते जमिनीला घासू नये म्हणून चाकांचे पाय लांब. जड इंजिन पेलायला आणि लांब पल्ल्यासाठी पंख नवा आणि मोठा. तो पंख मोठा म्हणून इंधनही जास्त मावतं. साखळीतली प्रत्येक कडी अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर, बेरीज मात्र करारात बसत नाही.

'कागदावर वजन कमी करून घ्या, सीआरजे-५५०सारखं' हे तुमच्या मनात आलं असेलच. करून बघा. ४४,८००मधून ३९,००९ वजा केले की ५,७९१ किलो उरतात. प्रवासी आणि त्याचं सामान मिळून ढोबळ १०० किलो धरले तर हे ५७ माणसांचं वजन झालं. माणसं न्यायची तर टाकी अर्धवट, टाकी भरायची तर खुर्च्या रिकाम्या. सीआरजे-५५०मध्ये २० खुर्च्या आधीच काढल्या होत्या, म्हणून तिथे वजन उतरवणं परवडलं. इथे ७६ खुर्च्या भरायच्याच आहेत.

२०१३ मध्ये ई२ जाहीर झालं तेव्हा स्कायवेस्टने १०० विमानांची मागणी नोंदवली होती. पुढच्या करारांत मर्यादा सैल होईल, हा त्यामागचा अंदाज. ती झाली नाही, मागणी गळाली, आणि २०१९ मध्ये पहिलं उड्डाण झाल्यावरही एम्ब्रेअरने २०२२ मध्ये या आवृत्तीचं काम थांबवून ठेवलं. मित्सुबिशीची गत याहून वाईट. त्यांच्या ९० जागांच्या जेटची सर्वांत हलकी आवृत्तीसुद्धा ३९,६०० किलोची, म्हणजे सहाशे किलोंच्या आतबाहेर जास्त. कारणं इतरही होती, प्रमाणपत्र मिळायला लागलेला उशीर त्यात मोठा. पण मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेत आणि विमान तिथल्या करारात बसत नाही, अशा स्थितीत २०२३च्या फेब्रुवारीत त्यांनी प्रकल्प गुंडाळला.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सूचना. विमानाची आखणी शिकवताना पल्ला, भार, धावपट्टी या अटी आधी लिहायला सांगतात. प्रादेशिक जेट आखत असाल तर त्या यादीत ७६ आणि ८६,००० हे दोन आकडे सर्वांत वर लिहा.

पुण्याहून जळगावला एटीआरने गेलो. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ जागा असतात असं वाचलं. हा ७८सुद्धा वैमानिकांनी ठरवला का? आपल्याकडे असं कलम आहे? (धानोरी)

नाही. आपल्याकडे वैमानिकाचा करार बहुधा एकेकट्याचा असतो आणि त्यात बाँडची रक्कम, नोटिशीचा काळ असल्या गोष्टी असतात. कंपनीने कोणतं काम बाहेर द्यायचं यावर वैमानिकांचा शब्द नसतो. इंडिगोने तुर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ विमानं त्यांच्याच वैमानिकांसह भाड्याने घेऊन दिल्ली आणि मुंबईहून इस्तंबूलला चालवली. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीला संघटनेशी बोलणी न करता हे जमलं नसतं. इंडिगोच्या एटीआरवर मात्र इंडिगोचेच वैमानिक असतात, तेव्हा तिथे ठेकेदाराचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे आकडा ठरतो तो पैशाने. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८०पेक्षा कमी प्रमाणित जागांच्या, नियमित देशांतर्गत सेवेच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ असतं. ७८ त्याच्या आत येतात. दुसरी रेषा वजनाची. केंद्रीय विक्रीकर कायद्यात ४०,००० किलोपेक्षा कमी कमाल उड्डाण वजनाच्या, नियमित सेवेच्या विमानांना विकलेलं इंधन वेगळं काढून त्यावरच्या राज्याच्या करावर मर्यादा घातली आहे. एटीआर तर २३ टनांचं, ते आरामात बसतं. गंमत ई-१७५ची. ३८,७९० किलो असल्याने ते अमेरिकेतल्या रेषेखालीही बसतं आणि आपल्याकडच्याही. स्टार एअरने तेच विमान घेतलं आहे, तेही ७६ जागांचं.

वैमानिकाने वर्षाला १००० तासच उडायचं, तेही याच कलमात येतं का? (बारामती, प्रशिक्षणार्थी)

नाही, दोन्हींची गल्लत करू नका. वर्षाला १००० तास ही थकव्यासाठीची सरकारी मर्यादा, आपल्याकडेही आणि तिकडेही. ती माणसाला लागू होते आणि संघटनेलाही ती सैल करता येत नाही. स्कोप क्लॉज हा दोन पक्षांमधला खासगी करार, तो विमानांच्या ताफ्याला लागू होतो.

तिकडच्या छोट्या जेटवर नोकरीचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, तिकडे प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही २०१३पासून साधारण १५०० तास लागतात. ठरावीक पदवी असेल तर १०००. आणि तिथे काम करायचा कायदेशीर हक्क नसेल तर तास कितीही असोत, अर्ज पुढे सरकत नाही.

आईवडील पहिल्यांदाच एकटे जाणार आहेत, पुढचं उड्डाण छोट्या विमानाचं आहे. काय बघावं? (औंध)

तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' या शब्दांपुढचं नाव आणि विमानाचा प्रकार बघा. ई-१७५ असेल तर चिंता नाही: दोन-दोनच्या रांगा, मधली खुर्ची नाही, उभं राहायला दोन मीटर उंची, केबिन बॅग वर मावते. सीआरजे-२०० असेल तर चाकांची बॅग विमानाच्या दारातच काढून घेतील आणि खालच्या कप्प्यात टाकतील. तिला लावलेली चिठ्ठी वाचायला सांगा: काही वेळा बॅग उतरल्यावर दाराशीच परत मिळते, काही वेळा शेवटच्या मुक्कामी पट्ट्यावर येते. म्हणून औषधं, पासपोर्ट आणि घराच्या किल्ल्या खांद्यावरच्या लहान पिशवीत. पॉवर बँकही त्याच पिशवीत हवी. बॅग खाली जाणार म्हटल्यावर ती आतून काढावीच लागते, आणि ते काम रांगेत उभं राहून, मागे चाळीस माणसं खोळंबलेली असताना करायला लागू नये.