एनडीएच्या लेखी परीक्षेला एकच महिना उरलाय, रोज किती तास बसू?

प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स, राज्य मंडळ. सप्टेंबरची एनडीए महिन्यावर आली आहे, फॉर्म भरला पण अभ्यास झाला नाही. रोज किती तास बसलो तर निघेल? क्लासचे सर म्हणतात, निगेटिव्ह मार्किंग आहे, पक्कं येतंय तेवढंच रंगव.

बारावीत आहेस म्हणून एकेरीत लिहितो. तासांचं नंतर बघू. तुझं शेवटचं वाक्य आधी खोडायचं आहे, कारण हा वाद मी वर्षानुवर्षं घालत आलोय आणि समोरच्याने कधी आकडेमोड करून उत्तर दिलेलं नाही.

जीएटीत, म्हणजे इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाच्या पेपरात, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १.३३ वजा. गणितात २.५ आणि ०.८३. दोन्हीकडे वजावट एक तृतीयांश. आता डोळे मिटून चार प्रश्नांवर तुक्का मारलास तर सरासरीने एक लागतो आणि तीन चुकतात. ४ आले, ४ गेले. हाती शून्य, पण तोटाही शून्य. चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे एवढंच कळलं, की हिशेब फिरतो: तीन प्रश्नांत एक लागतो, ४ येतात, २.६७ जातात, १.३३ उरतात. दोन पर्याय कापता आले तर दोनच प्रश्नांत २.६७ उरतात. जीएटीत ‘दोन उरले’ असे ३० प्रश्न पक्कं नाही म्हणून कोरे सोडलेस, तर सुमारे ४० गुण सोडलेस. कटऑफवर मुलं एकेका गुणाने राहतात.

‘शंका असेल तर सोडून दे’ हा सल्ला ऐकायला शिस्तीचा वाटतो. पण ही परीक्षा खात्री मोजत नाही, बेरीज मोजते. चूक उत्तराला बरोबर उत्तराइतकीच वजावट असती तर तुझ्या सरांचं म्हणणं पटलं असतं.

आता बेरीजच बघ. लेखी परीक्षा ९०० गुणांची. कटऑफ २०२२ च्या पहिल्या परीक्षेत ३६० होता, २०२४ च्या पहिल्या परीक्षेत २९१. आपण ३६० धरून चालू. गणितात १२० पैकी ४५ बरोबर, १५ चूक, ६० कोरे: बरोबर १०० गुण. इंग्रजीत ५० पैकी ३२ बरोबर, १४ चूक: १०९. सामान्य ज्ञानात १०० पैकी ५० बरोबर, ३५ चूक: १५३. एकूण ३६२. म्हणजे गणिताचा अर्धा पेपर कोरा आणि एकूण ६४ उत्तरं चूक, तरी गेल्या काही वर्षांतल्या चढ्या कटऑफच्या वर. ही ६४ चुकीची उत्तरं ‘पक्कं तेवढंच’वाल्याच्या कागदावर नसतात, पण त्यांच्यासोबत लागलेली तीसेक बरोबर उत्तरंही नसतात.

दुसरं, वेळेची किंमत. दोन्ही पेपर अडीच तासांचे. गणितात १५० मिनिटांत ३०० गुण, जीएटीत तेवढ्याच वेळात ६००. जीएटीचं मिनिट दुप्पट किमतीचं आहे. तरी मुलं महिनाभर इंटिग्रेशन घोटत बसतात. तुझं कॉलेज ऑगस्टपर्यंत तिथे पोचलेलंही नसेल. या महिन्यात त्याला हात लावू नकोस.

मग अभ्यास कसला? प्रश्नांना ‘अंधार’मधून ‘दोन उरले’मध्ये आणण्याचा. पहिल्या दोन दिवसांत काहीही न वाचता गणित आणि जीएटीचा एकेक जुना पेपर घड्याळ लावून सोडव. परीक्षा घेणाऱ्या आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या, संकेतस्थळावर जुने पेपर फुकट आहेत. प्रत्येक उत्तराशेजारी खूण कर: पक्कं, दोन उरले, तीन उरले, अंधार. तपासताना चारही गटांची टक्केवारी वेगळी काढ. ‘दोन उरले’ गटात शंभरातले २५ हून जास्त लागत असतील तर तो गट रंगवायचाच, ‘तीन उरले’लाही तोच नियम. हा तुझा स्वतःचा आकडा आहे, त्यापुढे माझं किंवा सरांचं मत ऐकायची गरज नाही.

पर्याय कापायची सवय जीएटीत पटकन लागते. विधानांचे प्रश्न असतात: चार विधानं आणि खाली ‘१ आणि ३’, ‘२, ३ आणि ४’ असे पर्याय. एक विधान नक्की चूक आहे हे कळलं की ते असलेले सगळे पर्याय गेले, बहुधा दोन तरी जातातच. जोड्या लावण्यात एक जोडी पक्की माहीत असली तरी तेच. कालक्रमात तर आपल्या मुलांना आयता फायदा आहे. प्लासी, पानिपत, बक्सार आणि सालबाईचा तह यांचा क्रम विचारला, तर पानिपत १७६१ चं आणि सालबाई महादजींच्या काळातला, त्यानंतरचा, एवढं शाळेपासून डोक्यात असतं. जिथे सालबाई पानिपताच्या आधी आहे ते पर्याय प्लासीचं साल न आठवताही कापता येतात.

इतिहासात राज्य मंडळाच्या मुलांची दांडी उडते ती आपल्या इतिहासावर नाही. पुनर्जागरण, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच, औद्योगिक आणि रशियन क्रांती हे अभ्यासक्रमात सरळ लिहिलेलं आहे आणि कुणी वाचत नाही. यावर दोन दिवस पुरतात. सामान्य ज्ञानात भौतिकशास्त्र साधारण २५ टक्के, रसायन १५, सामान्य विज्ञान १०, इतिहास २०, भूगोल २०, चालू घडामोडी १०. विज्ञानासाठी एनसीईआरटीची नववी-दहावी, भूगोलासाठी अकरावीचं प्राकृतिक भूगोलाचं पुस्तक. चालू घडामोडींत गेले सहा महिने, आणि युद्धसराव पाठच कर: सूर्यकिरण नेपाळशी, युद्ध अभ्यास अमेरिकेशी, मैत्री थायलंडशी, वरुण फ्रान्सच्या नौदलाशी, गरुड फ्रान्सच्या हवाईदलाशी.

इंग्रजीचे २०० गुण. शब्दसंग्रहाचं जाडजूड पुस्तक महिन्यात होत नाही, विकत घेऊ नकोस. चूक ओळखण्याचे प्रश्न मात्र महिन्यात सुधारतात, कारण मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या आहेत. आपण ‘विषयाबद्दल चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस’. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’ बरोबर वाटतं, हवं ‘मॅरीड टू’. ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’ म्हणून ‘सीनिअर दॅन’ वाटतं, हवं ‘सीनिअर टू’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ला ‘फ्रेंड्स’ हवं. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते गळले की डोळा अडखळत नाही. जुन्या पेपरांतले चूक ओळखण्याचे सगळे प्रश्न एका वहीत उतरव आणि प्रत्येकाशेजारी लिही की मराठीमुळे आपण कुठे फसलो. पंधरा दिवसांत तेच तेच नमुने दिसायला लागतात.

गणितात अकरावीचं पक्कं कर: त्रिकोणमिती, सारणी आणि निश्चयक, संच, श्रेढी, कॉम्प्लेक्स संख्या, संभाव्यता, सांख्यिकी. बारावीतले व्हेक्टर झाले असतील तर तेही. सांख्यिकी सगळ्यात स्वस्त आहे. प्रत्येक संख्येत ५ मिळवले तर मध्य ५ ने वाढतो, प्रमाण विचलन तसंच राहतं. ५ ने गुणलं तर दोन्ही पाचपट होतात. अशा चार-पाच नियमांवर प्रश्न सुटतात.

किंमत टाकून पाहण्याची युक्ती सगळे सांगतात, ती कुठे फसते ते सांगत नाहीत. त्रिकोणमितीत ० अंश टाकलास तर साइन असलेली पदं नाहीशी होतात आणि दोन पर्याय सारखेच दिसतात. ४५ ला साइन आणि कॉस एकच, तिथेही तेच. ३० टाक. a, b, c असलेल्या निश्चयकात १, १, १ टाकलंस तर ओळी सारख्या होऊन सगळं शून्य येतं. १, २, ३ ही एपी (अंकगणिती श्रेढी) आणि १, २, ४ ही जीपी (भूमिती श्रेढी), त्यामुळे तिथेही एखादा पर्याय उगाच जुळून जातो. १, २, ५ घे.

आता तास. कॉलेज चालू ठेवून रोज पाच. सकाळी दोन तास गणित, संध्याकाळी तीन जीएटी. तिसऱ्या दिवसापासून अठराव्यापर्यंत हेच. त्यानंतर एक दिवसाआड पूर्ण पेपर, सलग अडीच तास बसून, ओएमआरची, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, झेरॉक्स काढून काळ्या बॉलपेनने. प्रत्येक पेपर तपासायला सोडवण्याइतकाच वेळ दे. शेवटच्या चार दिवसांत नवीन धडा उघडायचा नाही.

वर लिहिलंय त्याला दोन मर्यादा आहेत. प्रत्येक पेपरात आयोग किमान गुण ठरवतो, बऱ्याचदा २५ टक्के, म्हणजे गणितात ७५. तेवढे गुण तुक्क्याने येत नाहीत. त्यासाठी ३५-४० उत्तरं खरोखर सोडवून यायला हवीत, आणि सुरुवातीला सोडवलेल्या गणिताच्या जुन्या पेपरात तुझी दहाच येत असतील तर जीएटी कितीही चांगली गेली तरी या खेपेला कठीण आहे. वय बसत असेल तर एप्रिलचा फॉर्म भरून ठेव. दुसरी मर्यादा: काही मुलांचा ‘दोन उरले’ गट खरोखरच २५ टक्क्यांच्या खाली निघतो, कारण ती घाईत बरोबर पर्यायच कापतात. त्यांनी कमी रंगवावं. पण हे मोजून ठरवावं.

आणि गणिताचे साठ प्रश्न सोडणार असशील तर एक धोका आहे. सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीत पुढच्याचं उत्तर रंगवलं जातं आणि तिथून सगळं एक घर सरकतं. पेनने रंगवलेलं पुसता येत नाही, दोन गोल रंगवले तर चूक धरतात. गणितात दोन-तीन प्रश्न एकाच माहितीवर असतात, ते एकदम सोडले जातात आणि नेमकी तिथेच गफलत होते. दर दहाव्या प्रश्नाला पुस्तिकेवरचा आणि ओएमआरवरचा क्रमांक बोट ठेवून ताडून पाहा. पुस्तिकेची सिरीज हातात आल्याबरोबर पहिल्या मिनिटातच रंगव. केंद्राचं गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गणिताची उत्तरं कुणाशी जुळवू नकोस, ती चुकांची वही घेऊन एका बाजूला बस.