अष्टमीचा चंद्र निम्मा, मग उजेड निम्मा का नाही?

तुमच्या लेकीचा प्रश्न असा आहे: कोजागिरीला गच्चीवर तिला चांदण्यात वर्तमानपत्राचे मथळे वाचता आले, पण पुढच्या शुद्ध अष्टमीला तेच करून पाहिलं तर अक्षर लागेना. चंद्र निम्मा, तर उजेडही निम्मा हवा होता. मग उरलेला गेला कुठे?

आधी तिला शाबासकी द्या. तिने नुसतं विचारलं नाही, दोन्ही रात्री पाहून मग विचारलं. आणि तिचं निरीक्षण खरं आहे. अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. पौर्णिमेच्या सुमारे अडीच दिवस आधी चंद्रबिंब नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेलं दिसतं, तरी उजेड पौर्णिमेच्या निम्माच असतो.

कलांचं थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र कमी-जास्त दिसतो असं बरेच जण मुलांना सांगतात, ते चूक आहे. ती सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, आणि आपली सावली तर सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेला, पूर्वेकडे असते. चंद्राचा अर्धा गोल कायम उन्हात असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढाच कलेचा अर्थ.

आता मूळ मुद्दा. आपल्या मनात चंद्र म्हणजे आरसा असतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हीच उपमा दिली आहे: आरशावर पडलेले किरण जसे घरातला अंधार घालवतात, तसे चंद्रावर पडलेले सूर्यकिरण रात्रीचा अंधार घालवतात. उजेड सूर्याचा, हे त्याने अचूक ओळखलं होतं. पण चंद्र आरशासारखा असता तर आपल्याला त्यात सूर्याचा एक बारीक लखलखता ठिपका दिसला असता, बाकी गोल काळा. गॅलिलिओने 1632 च्या ग्रंथात भिंतीवर आरसा टांगून हेच दाखवलं. उन्हातली खडबडीत भिंत सगळ्या बाजूंनी उजळ दिसते. आरसा मात्र एकाच दिशेला झळकतो आणि इतर ठिकाणांहून काळपट दिसतो.

चंद्र त्या भिंतीसारखा आहे, आणि भिंतही चुना लावलेली नव्हे. त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी सरासरी फक्त 12 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो. जुन्या डांबरी रस्त्याचा रंग डोळ्यांपुढे आणा. काळे डाग तर आपल्या सह्याद्रीच्या कातळाचे भाऊबंदच, दोन्ही बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. फरक वयाचा: आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तिकडचा बहुतेक तीनशे कोटींहून जुना. रात्री चंद्र पांढराशुभ्र वाटतो, कारण भोवती काळं आकाश असतं आणि आपले डोळे अंधाराला सरावलेले असतात.

या कातळावर आणि डोंगरांवर कित्येक मीटर जाडीचा भुगा आहे. उल्कांच्या माऱ्याने दगड फुटून फुटून झालेली पूड. उजेडाचं गणित या भुग्यात आहे, आणि ते समजायला नांगरलेल्या शेतासारखं दुसरं काही नाही. सकाळी लवकर बांधावर उभे राहा. सूर्याकडे तोंड केलंत तर रान काळंभोर दिसतं, कारण प्रत्येक ढेकळाची सावलीची बाजू तुमच्याकडे असते. सूर्याकडे पाठ केलीत की तेच रान फिकट, उजळ. सावल्या आहेतच, पण प्रत्येक सावली आपापल्या ढेकळामागे लपलेली. बाजूला वळून पाहिलंत तर दोन्हींच्या मधलं दृश्य.

अष्टमीला आपण चंद्राकडे असं बाजूने पाहतो. ऊन तिरपं, त्यामुळे डोंगर, विवरं, खडे, अगदी भुग्याचा कणन् कण शेजारच्यावर सावली टाकतो. उजेड असलेल्या निम्म्या भागातही काळोख मिसळलेला असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि सगळ्या सावल्या एकदम दिसेनाशा होतात. चंद्र सूर्याच्या बरोबर समोर यायला चार-पाच अंश उरले की तर तो झपाट्याने उजळतो, कारण सावल्या लपण्याबरोबरच बारीक कणांमध्ये उलटसुलट आपटून आलेला प्रकाश आल्या दिशेने परतताना एकमेकांना बळ देतो. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांनी स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती उजळ वलय पाहिलं, ते यामुळेच. विमानातून जाताना खाली शेतांवर आपल्या विमानाच्या सावलीभोवती असा उजेड पळताना दिसतो. पुढच्या प्रवासात लेकीला सूर्याच्या उलट बाजूची खिडकी द्या.

पौर्णिमेचा चंद्र चेंडूसारखा गोल न वाटता भाकरीसारखा सपाट का दिसतो, हेही तिला यातून कळेल. गुळगुळीत पांढरा चेंडू समोरून उजळला तर कडेला मंद होत जातो. चंद्राची कड मात्र मधल्या भागाइतकीच उजळ राहते, कारण तिथल्या भुग्याच्याही सावल्या आपल्यापासून लपलेल्या असतात.

म्हणून मी दुर्बीण लावतो ती सप्तमी-अष्टमीला, पौर्णिमेला नाही. लोक पौर्णिमेलाच येतात, आणि सावल्याच नसल्याने त्यांना डोंगर दिसत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पौर्णिमेला पाहायचे तर टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे पाहावेत. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की मुलं डोळा काढायला तयार होत नाहीत.

लेकीसाठी आणखी एक प्रयोग. वद्य अष्टमीच्या सकाळी सूर्य वर आल्यावरही चंद्र आकाशात असतो. चंद्राशेजारी एखादी उन्हातली भिंत येईल असं उभं राहून दोन्हींचा उजळपणा ताडून पाहायला सांगा. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने केपटाउनला टेबल माउंटनच्या राखाडी कड्यामागे मावळता चंद्र असाच पाहिला होता. नुकत्याच उगवलेल्या सूर्याचं ऊन कड्यावर होतं, आणि उजळपणात चंद्र आणि खडक यांच्यात फरक करणं त्याला कठीण गेलं.