अंडी फिरवू नका : अजगरांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. मुलाच्या हट्टाखातर घेतलेली बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची मादी आता चौथ्या वर्षात असून तिचे वजन 1,600 ग्रॅम आहे. नर 800 ग्रॅमचा आहे. या हिवाळ्यात त्यांची जोडी लावावी असा विचार आहे. कोंबडीची अंडी उबवण्याचे एक यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेऊन ठेवले आहे. ते चालेल का? मादी गाभण आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी यंत्राविषयी लिहितो, कारण आपण पैसे तिथे खर्च केले आहेत. कोंबडीच्या अंड्यांचे यंत्र साधारण 37.5 अंश सेल्सिअसवर चालते आणि त्यातली अंडी दिवसातून अनेक वेळा आपोआप फिरवली जातात, कारण खुडूक कोंबडीही बसल्या जागी आपली अंडी उलटीपालटी करीत असते. अजगराच्या अंड्याला या दोन्ही गोष्टी मारक आहेत. त्याला 31 ते 32 अंश, म्हणजे आपल्याकडच्या फॅरेनहाइटच्या मापाने 88 ते 90 अंश, तापमान लागते आणि ते अखेरपर्यंत एकाच स्थितीत राहावे लागते. त्याच्या आतला गर्भ वरच्या बाजूच्या पडद्याला धरून वाढतो; अंडे नंतर उलटले तर नाजूक रक्तवाहिन्या तुटतात किंवा गर्भ बलकाच्या भाराखाली सापडतो. म्हणून अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि ती खूण शेवटच्या दिवसापर्यंत वरच राहील असे पाहावे. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर ती ओढून सुटी करू नयेत, तो घोस तसाच पेटीत ठेवावा.

आपल्या यंत्रातील अंडी फिरवणारी तबके काढून टाकता येत असतील, तापमान 32 अंशांखाली स्थिर राहत असेल आणि पंख्याचा झोत अंड्यांवर येणार नाही अशी सोय करता येत असेल, तर ते बाहेरची पेटी म्हणून वापरता येईल. अन्यथा थर्माकोलचा जुना शीतपेटारा, उष्णतेची पट्टी आणि चांगला थर्मोस्टॅट एवढ्यावर काम भागते. त्यात झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवावा आणि डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारे खनिजाचे हलके दाणे, पसरावे. ते किती ओले असावे याची जुनी कसोटी अशी की मूठ आवळली तर त्याचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. अजगर पाळणारे पुष्कळ जण आता डब्याच्या तळाशी पाणी ठेवून त्यावर जाळी बसवतात आणि अंडी जाळीवर ठेवतात; अंड्याला पाण्याचा स्पर्श न होता हवा दमट राहते, आणि नवख्या माणसाला हीच रीत मला अधिक सोपी वाटते. पेटी अंडी येण्याच्या निदान आठवडाभर आधी सुरू करून तापमापकाचा आकडा रोज वहीत टिपावा. थर्मोस्टॅटच्या तबकडीवरचा आकडा आणि डब्यातले खरे तापमान यांत दोन अंशांचे अंतर असणे मुळीच नवलाचे नाही, आणि इथे दोन अंश म्हणजे फार झाले.

आता जोडीविषयी. मादीचे वजन आणि वय दोन्ही ठीक आहे. 1,500 ग्रॅमच्या आतल्या मादीची जोडी लावू नये असे मी नेहमी सांगतो. अंडी तयार करण्यात तिच्या अंगावरची चरबी खर्च होते, शिवाय या काळात बऱ्याच माद्या अन्न सोडतात, त्यामुळे आधीपासून अंगाने भरलेली मादीच हा ताण पेलते. थंडीच्या महिन्यांत नराला मादीच्या घरात दोन-तीन दिवस सोडावे, मग बाहेर काढून त्याला विश्रांती आणि अन्न द्यावे, आणि हा क्रम काही महिने चालू ठेवावा. त्यांचे मीलन कित्येक तास, कधी कधी दिवसभरही टिकते. तेव्हा त्यांना हात लावू नये.

बीजांडे सुटतात त्या वेळी मादीचे पोट मध्यभागी असे फुगते की तिने मोठा उंदीर गिळला असावा असे वाटते. ही सूज साधारण दिवसभरच असते, त्यामुळे ती नजरेतून सहज निसटते. मात्र त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती जी कात टाकते ती तारीख चुकवू नका, कारण तिथपासून सुमारे 30 दिवसांनी अंडी येतात. मधल्या काळात ती उबदार कोपरा सोडत नाही आणि कधी पोट वर करून पडून राहते. प्रथमच पाहणारा घाबरून डॉक्टरांना फोन करतो, पण त्यात काही आजार नाही. अंडी बहुधा चार ते आठ असतात. अंडी काढून घेतल्यावर मादीला कोमट पाण्याने हलकेच धुवावे आणि तिचे घरही धुवावे, कारण अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेभोवतीच वेटोळे घालून बसते आणि खायला सुरुवात करीत नाही.

अंडी 55 ते 60 दिवसांत फुटतात. पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दाताने कवचाला चीर पाडते, नाक बाहेर काढते आणि मग एक-दोन दिवस तसेच बसून राहते. त्या अवधीत ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. पुष्कळ हौशी लोक इथे कात्री घेऊन मदतीला धावतात. ती मदत करू नये. पहिली कात आठवडा-दीड आठवड्यात पडते आणि त्यानंतरच उंदराचे लहान पिल्लू खायला द्यावे. हे सारे करण्यापूर्वी एक हिशेब मात्र मुलासमोर बसून करावा : आठ पिल्ले म्हणजे आठ डबे, दर आठवड्याला आठ उंदीर, आणि ती घेणारी आठ भरवशाची घरे.

प्रश्न : लंडनहून लिहीत आहे. माझ्या मादीने सहा अंडी घातली. त्यांपैकी एक लहान आणि पिवळे आहे, त्यावर बुरशी आली आहे. बाकीची पांढरी आहेत, पण आठव्या आठवड्यात त्यांना खळगे पडू लागले आहेत. मी पाणी शिंपडले. बरोबर केले का?

उत्तर : पाणी शिंपडू नका. अजगराच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते, चामड्यासारखे लवचीक असते, आणि त्यातून पाण्याची वाफ आत-बाहेर होत राहते. थेट पाणी पडले तर तेथे बुरशी धरते. शेवटच्या दोन आठवड्यांत खळगे पडणे हे बहुधा अंडी फुटण्याची वेळ जवळ आल्याचे लक्षण असते. तेच खळगे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडले असते तर हवा कोरडी आहे असे मी म्हटले असते आणि अंड्यांवर नव्हे, तर डब्याच्या कडेने व्हर्मिक्युलाइटमध्ये कोमट पाणी सोडायला सांगितले असते.

लहान पिवळे अंडे बहुधा फलित झालेलेच नाही. खोलीत अंधार करून बारीक विजेरी अंड्याला टेकवून पाहा : फलित अंड्यात लालसर रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, निकामी अंड्यात नुसता पिवळा उजेड पसरतो. निकामी अंडे इतरांना चिकटलेले नसेल तर काढून टाका. चिकटलेले असेल तर राहू द्या. जिवंत अंडे शेजारच्या बुरशीला बराच काळ दाद देत नाही, ओढाओढीत फाटलेले कवच मात्र वाचत नाही.

प्रश्न : 'स्पायडर' जातीच्या नराची पिल्ले बाजारात चांगल्या किमतीला जातात असे कळते. त्याच्याशी जोडी लावावी का?

उत्तर : लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'स्पायडर' ही वेगळी जात नसून रंग-नक्षी बदलणाऱ्या एका जनुकाचा परिणाम आहे, आणि त्या जनुकाबरोबर डोके डोलण्याचा, तोल जाण्याचा दोषही येतो. अंतर्कर्णाची रचनाच बिघडलेली असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. हा दोष कुठे कमी दिसतो, कुठे जास्त, पण चांगली जोडी निवडून तो गाळता येत नाही. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत या अजगरांची विक्री थांबवली, ती याच कारणाने. नक्षी कितीही देखणी असो, भक्ष्यावर झेपावताना नेम चुकणारे पिल्लू मुद्दाम जन्माला घालण्यात कौशल्य कसले?

प्रश्न : पुण्यात माझ्याकडे बॉल पायथनची जोडी आहे. विकणाऱ्याने 'विदेशी आहे, कायदा लागत नाही' असे सांगितले होते. अंडी घेतली तर चालेल का?

उत्तर : विकणाऱ्याचे म्हणणे आता खरे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइटीस' करारातील प्राणी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि बॉल पायथन त्यांत मोडतो. 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करायची असते आणि पुढे जन्म, मृत्यू किंवा हस्तांतर झाले तर तेही कळवायचे असते. जुन्या मालकांना दिलेली सहा महिन्यांची मुदत त्याच वर्षी संपली आहे. तेव्हा प्रथम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाशी आणि वकिलाशी बोलावे, आणि कागद नीट होईपर्यंत नर-मादी वेगळे ठेवावेत.

प्रश्न : आजरा तालुक्यातून लिहितो. ऊस गेल्यावर पाचटाचा ढीग हलवताना आतमध्ये अजगराची मादी अंड्यांवर बसलेली दिसली. पाचट पेटवायचे होते, ते थांबवले आहे. गावातला एक मुलगा म्हणतो की अंडी काढून आपल्या कुक्कुटपालनाच्या यंत्रात ठेवू, पिल्ले झाली की सोडून देऊ. काय करावे?

उत्तर : पाचट पेटवायचे थांबवलेत, निम्मे काम तिथेच झाले. अंड्यांना मात्र हात लावू नका आणि त्या मुलालाही लावू देऊ नका. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी घेणे, फोडणे किंवा ती विचलित करणे हेदेखील येते. हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करीत बसावे लागेल. यंत्राचे म्हणाल तर त्याची कथा वर डॅलसच्या वाचकांना सांगितलीच आहे. 37 अंशांवर फिरणारी अंडी उबणार नाहीत, शिजतील.

शिवाय आपल्या शेतात जे यंत्र बसले आहे ते बाजारात मिळत नाही. बॉल पायथनच्या मादीचे वेटोळे मुख्यतः ओलावा टिकवते, पण आपल्या अजगराची मादी ऊबही निर्माण करते. ती अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आकसते. दुरून पाहणाऱ्याला तिला उचकी लागली आहे असे वाटते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात 1841 मध्ये भारतीय अजगराच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून हे मोजले गेले, आणि 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मदेशी अजगराच्या एका मादीवर अधिक काटेकोर प्रयोग झाला, तेव्हा हवा जितकी गार होई तितके तिचे आकसणे वाढे, असे दिसून आले. दोन महिने किंवा थोडे अधिक ती काही न खाता अशी बसते. मात्र वारंवार डिवचले तर ती अंडी टाकून निघून जाऊ शकते, म्हणून बघ्यांची गर्दी हाच इथला मोठा धोका आहे.

वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर आजच कळवा. ढिगाभोवती काही पावले जागा सोडून दोरी बांधा, कुत्री येऊ देऊ नका, आणि तेवढ्या तुकड्यातली मशागत पुढे ढकलता आली तर ढकला. केरळात कासरगोडजवळ 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामात अशीच मादी सापडली, तेव्हा कंत्राटदार संस्थेने तिथले काम 54 दिवस थांबवले होते आणि 24 अंडी फुटली. आपला प्रश्न तर एका ढिगाचा आहे. जागा सोडणे खरोखरच अशक्य असेल तर अंडी कुठे आणि कशी हलवायची हे वन अधिकाऱ्यांनी ठरवायचे, आणि हलवणाऱ्याने जवळ पेन्सिल ठेवायची. पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतील. ती दीड ते दोन फुटांची असतात, विषारी नसतात आणि आई त्यांना सांभाळत नाही. एक-दोन दिवसांत ती ओढ्याकडे पांगली की ढीग उचलायला हरकत नाही.